पाण्याला शीव कळत नाही

तुमच्या वर्गात किंवा शाळेच्या कार्यालयात जिल्ह्याचा नकाशा टांगलेला असेल. आज मधल्या सुट्टीत त्याच्यापुढे जरा उभे राहा आणि त्यावरच्या दोन रेषा बोटाने गिरवून पाहा. पहिली रेषा जिल्ह्याच्या हद्दीची आणि दुसरी तुमच्या जवळच्या नदीची. पहिली रेषा माणसांनी कागदावर ठरवलेली आहे. दुसरी जमिनीच्या उताराने ठरवलेली आहे. या दोन रेषा एकमेकींना जागोजागी छेदून जातात असे तुम्हांला दिसेल.

गावाच्या हद्दीला आपण शीव म्हणतो. माणूस शीव ओलांडताना निदान थबकतो. नदीला ती कळतच नाही, आणि नदीत सोडलेल्या घाणीलाही कळत नाही. पुण्यातले सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळते आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते. त्याच उजनीचे पाणी सोलापूर शहराला पिण्यासाठी लागते. पुण्याची महानगरपालिका वेगळी, सोलापूरची वेगळी. पाणी मात्र एकच.

मग हद्द नदीला विचारूनच आखली तर? ही कल्पना नुसती कल्पना नाही. १९८९ साली न्यूझीलंड या देशाने आपल्या स्थानिक कारभाराची फेरमांडणी केली, तेव्हा त्यांनी प्रादेशिक परिषदा स्थापन केल्या आणि त्यांच्या हद्दी शक्यतो जलविभाजकांवरून नेल्या. जलविभाजक म्हणजे काय, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. डोंगराच्या ज्या धारेवर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात, एक या नदीकडे आणि दुसरा त्या नदीकडे, ती धार म्हणजे जलविभाजक. एका नदीचे सर्व पाणलोट क्षेत्र शक्यतो एका परिषदेच्या ताब्यात यावे, असा त्यामागचा हेतू होता.

या परिषदांच्या कामांची यादी वाचली की मात्र आपण चकित होतो. नद्यांचे आणि समुद्रकिनाऱ्याचे पाणी, हवा, माती, पूरनियंत्रण ही कामे एकत्र असणे ठीक आहे. पण त्याच यादीत बस आणि आगगाड्यांची व्यवस्थाही आहे! नदीचे पाणी आणि बसचे वेळापत्रक ही दोन कामे एकाच कचेरीत कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण त्या देशातील सर्वांत मोठ्या शहरात, ऑकलंडला जाऊ या.

दोन खाड्यांमधले शहर

ऑकलंड एका चिंचोळ्या भूपट्टीवर वसले आहे. तिच्या ईशान्येला वाइटेमाटा नावाची मोठी खाडी आहे. ती प्रशांत महासागराला मिळते. नैर्ऋत्येला मानुकाऊ नावाची दुसरी खाडी आहे आणि ती टास्मान समुद्राला मिळते. सर्वांत अरुंद ठिकाणी ही जमीन दीड किलोमीटरहूनही कमी रुंद आहे. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी लोक तिथे आपल्या होड्या पाण्याबाहेर काढून, जमिनीवरून ओढत या समुद्रातून त्या समुद्रात नेत असत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शहराचे सांडपाणी ओराकेई येथून, जवळजवळ जसेच्या तसे, वाइटेमाटा खाडीत सोडले जाई. शहर वाढले तशी खाडी नासू लागली. तेव्हा मलनिस्सारण मंडळाने एक योजना आखली. मोटुकोरेआ ऊर्फ ब्राउन्स आयलंड या बेटापर्यंत नळ न्यायचा आणि घाण तिथून, किनाऱ्यापासून थोडी दूर, पाण्यात सोडायची. भरती-ओहोटी ती वाहून नेईल, असा हिशेब होता.

या योजनेला ज्यांनी कडाडून विरोध केला त्यांचे नाव डव्ह-मायर रॉबिन्सन. ते अभियंता नव्हते. मुलांच्या कपड्यांचा कारखाना चालवणारे ते एक उद्योजक होते. परंतु या प्रश्नाने त्यांना पछाडले. त्यांनी सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा स्वतः अभ्यास केला, सभा घेतल्या, निवडणुका लढवल्या. १९५३ मध्ये ते मलनिस्सारण मंडळाचे अध्यक्ष झाले आणि बेटाची योजना मागे पडली. १९५५ साली सर अर्नेस्ट डेव्हिस यांनी ते बेट विकत घेऊन शहराला भेट दिले. पुढे रॉबिन्सन अनेक वर्षे ऑकलंडचे महापौर होते.

एक लिटर घाणीची भूक

भरती-ओहोटी घाण वाहून नेईल, हा हिशेब कुठे चुकत होता? आपणच थोडे गणित करून पाहू.

सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थांवर जिवाणू तुटून पडतात. ते खाताना त्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो ते पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमधून घेतात. आता पाण्यात ऑक्सिजन असतो किती? २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात फार तर ९ मिलिग्रॅम. समुद्राच्या पाण्यात त्याहूनही कमी. एक लिटर हवेत मात्र सुमारे २७५ मिलिग्रॅम असतो. म्हणजे मासा आपल्यापेक्षा तीसपट गरिबीत श्वास घेत असतो.

उलट, घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरमधील घाण खाण्यासाठी जिवाणूंना साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. यालाच जैवरासायनिक ऑक्सिजन-मागणी म्हणतात. आपण २२५ मिलिग्रॅम धरू. २२५ भागिले ९ म्हणजे २५. एक लिटर सांडपाणी २५ लिटर स्वच्छ पाण्यातील सगळा ऑक्सिजन फस्त करू शकते! हवेतून नवा ऑक्सिजन पाण्यात विरघळत असतो, पण सावकाश. बंदिस्त खाडीत सांडपाण्याचा ओघ मोठा असेल, तर ही भूक भागत नाही. मासे गुदमरतात. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येऊ लागतो.

तेव्हा घाण दूर ढकलणे हा उपाय नसून, तिची भूक जमिनीवरच भागवणे हा उपाय होय, असे रॉबिन्सन यांचे म्हणणे होते. त्यासाठी ऑक्सिडेशन तलावांची योजना पुढे आली. उथळ तलावात सांडपाणी पसरायचे. त्यात सूक्ष्म शेवाळ वाढते. सूर्यप्रकाशात ते प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडते, तो ऑक्सिजन घेऊन जिवाणू घाण खातात, आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शेवाळाच्या उपयोगी पडतो. तलाव उथळ का, हे तुमच्या लक्षात आले असेलच. प्रकाश तळाच्या दिशेने जाताना शोषला जातो, म्हणून खोल तलावाच्या तळाशी अंधारच राहील. असे सुमारे ५०० हेक्टर क्षेत्राचे तलाव मांगेरे या ठिकाणी बांधले गेले आणि १९६० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. वाइटेमाटा खाडीने सुटकेचा निःश्वास टाकला.

इकडचे तिकडे

गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण आता नकाशा पुन्हा पाहा. मांगेरे कुठे आहे? दुसऱ्या खाडीच्या, मानुकाऊच्या काठावर. ते प्रचंड तलाव कोरड्या जमिनीवर खोदलेले नव्हते. बांध घालून खाडीचाच एक भाग त्यांच्यासाठी तोडून घेतला होता. त्या काठावर माओरी लोकांची जुनी वस्ती होती. मासे आणि शिंपले हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न होते. त्यांच्या ओहोळाचे मुख बंद झाले, शिंपल्यांच्या जागा गेल्या, आणि वाट्याला आला तो तलावांचा वास व चिलटांचे थवे.

माओरी परंपरेत एक नियम आहे. माणसाचा मैला वाहून आणलेले पाणी सरळ नदीत किंवा समुद्रात मिसळू नये. ते आधी मातीतून जावे. मातीच्या गाळणीचे महत्त्व जाणणारा हा नियम विज्ञानाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. या लोकांनी आपले गाऱ्हाणे वाइटांगी न्यायाधिकरणापुढे मांडले. १९८५ मध्ये न्यायाधिकरणाने मानुकाऊ खाडीविषयीचा अहवाल दिला आणि त्यांच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले. पुढे केंद्राचे आधुनिकीकरण झाले. सांडपाण्यावर जमिनीवरच्या टाक्यांत प्रक्रिया होऊ लागली आणि शेवटी त्यावर अतिनील किरण टाकून जंतू निकामी केले जाऊ लागले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते तलाव बंद केले गेले, बांध फोडले गेले आणि भरतीचे पाणी चाळीस वर्षांनी पुन्हा आपल्या जागी आले.

रॉबिन्सन यांचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. त्यांचे शास्त्रही चूक नव्हते. पण एका खाडीचे दुखणे बरे करताना ते दुसऱ्या खाडीच्या काठी नेऊन ठेवले गेले. वर्गातला कचरा शेजारच्या वर्गात लोटून ‘आमचा वर्ग स्वच्छ’ म्हणणे सोपे असते. दोन्ही वर्गांचा विचार करायचा तर दोन्हींवर नजर ठेवणारा कोणीतरी हवा.

ट्राम गेल्या, पूल आला

तसा विचार ऑकलंडमध्ये सुरू झालाही होता. १९६३ च्या कायद्याने तेथे ‘ऑकलंड रीजनल अथॉरिटी’ स्थापन झाली. शहर आणि उपनगरे यांचा पाणीपुरवठा, मलनिस्सारण, बसगाड्या आणि प्रादेशिक उद्याने तिच्याकडे आली. पहिले प्रादेशिक उद्यान वेंडरहोम येथे १९६५ मध्ये खुले झाले. २०१० पर्यंत अशा २६ उद्यानांतून सुमारे ४० हजार हेक्टर किनारा आणि रान राखले गेले होते.

वाहतुकीचे चित्र मात्र उलट दिशेने चालले होते. ऑकलंडची शेवटची ट्राम डिसेंबर १९५६ मध्ये धावली. मे १९५९ मध्ये वाइटेमाटा खाडीवर मोठा पूल झाला. त्यावर मोटारींसाठी चार मार्गिका होत्या. रूळ नव्हते आणि पायवाटही नव्हती. अवघ्या दहा वर्षांत पूल अपुरा पडला आणि १९६९ मध्ये त्याला दोन्ही बाजूंनी आणखी चार मार्गिका जोडाव्या लागल्या. रस्ते वाढले की मोटारी वाढतात, मोटारी वाढल्या की बसचे प्रवासी घटतात, प्रवासी घटले की फेऱ्या कमी होतात आणि मग उरलेले प्रवासीही मोटार घेतात. हे दुष्टचक्र आपल्या शहरांनाही अपरिचित नाही.

महापौर रॉबिन्सन यांनी आता जलद रेल्वेचा ध्यास घेतला. सल्लागारांचा अनुकूल अहवाल १९६५ मध्येच आला होता. पण खर्च मोठा होता आणि तिजोरीच्या किल्ल्या मध्यवर्ती सरकारकडे होत्या. १९७६ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. रॉबिन्सन १९८९ मध्ये वारले. त्याच वर्षी देशातील कारभाराची ती फेरमांडणी झाली. सुमारे ८५० लहानमोठ्या स्थानिक संस्था जाऊन त्यांच्या जागी ८६ संस्था आल्या आणि ऑकलंडची प्रादेशिक परिषद जन्माला आली. १९९१ च्या साधनसंपत्ती व्यवस्थापन कायद्याने परिषदांना दात दिले. नदीत, समुद्रात वा हवेत काहीही दूषित सोडायचे असेल तर कारखान्याने आणि नगरपालिकेनेसुद्धा त्यांची परवानगी घ्यावी, असे ठरले.

ब्रेक आणि खाडीतला गाळ

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पाणी आणि बस यांचा संबंध काय?

ऑकलंडच्या परिषदेने खाड्यांच्या फाट्यांतील गाळाचे नमुने वर्षानुवर्षे तपासले. जुन्या, दाट वस्तीच्या भागातून जिथे ओहोळ येतात, तिथल्या गाळात जस्त आणि तांबे अधिक सापडले. हे धातू आले कुठून? एखाद्या कारखान्याच्या नळातून? नाही. जस्ताचा मोठा भाग घरांच्या जस्तलेपित पत्र्यांवरून पावसाबरोबर धुऊन आला होता, आणि बाकीच्या धातूंचा माग रस्त्यावर लागला.

टायरच्या रबरात जस्ताचे ऑक्साइड मिसळलेले असते. टायर झिजतो म्हणजे ते रबर नाहीसे होत नाही. बारीक भुकटी होऊन रस्त्यावर पडते. ब्रेकच्या अनेक पॅडांत तांबे असते. चालकाने ब्रेक दाबला की पॅड चकतीवर घासते आणि अगदी सूक्ष्म धूळ उडते. पहिला पाऊस ही सारी धूळ गटारात लोटतो, गटारातून ओहोळात आणि ओहोळातून खाडीत.

खाडीच्या तोंडाशी भौतिकशास्त्राचा एक सुंदर आविष्कार घडतो. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ओहोळाच्या गोड्या पाण्यात हे कण तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यात सोडियम, मॅग्नेशियम यांचे धन आयन विपुल असतात. ते कणांभोवती गोळा होऊन त्यांचा भार झाकतात. दूर लोटण्याचे बळ सरले की कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. बसताना स्वतःला चिकटलेले जस्त-तांबेही बरोबर नेतात. शिंपले आणि किडे याच गाळात राहतात. म्हणजे चौकात दाबलेल्या ब्रेकचा हिशेब शिंपल्याच्या घरात मांडला जातो!

शिशाचे उदाहरण याहून बोलके आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालत. न्यूझीलंडमध्ये ते १९९६ साली बंद झाले, आणि गाळाच्या वरच्या थरातील शिशाचे प्रमाण पुढे उतरत गेले. पेट्रोलपंपावरचा बदल खाडीच्या तळाशी वाचता आला. बस आणि आगगाडी हा खाडी स्वच्छ ठेवण्याच्या कामाचाच भाग कसा ठरतो, हे आता वेगळे सांगायला नको.

थोडे गणित, थोडे रूळ

समजा, १२०० किलोग्रॅमची एक मोटार एका माणसाला घेऊन ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जात आहे. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला पाठ आहे. १/२ × १२०० × १५ × १५ म्हणजे १,३५,००० ज्यूल. प्रत्येक सिग्नलला थांबताना ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते. आता ५० प्रवाशांसह १५ टन वजनाची बस त्याच वेगाने जाते असे धरा. तिची ऊर्जा सुमारे १६,८७,००० ज्यूल. पण ती ५० जणांत वाटली की माणशी सुमारे ३४,००० ज्यूल येते. मोटारीच्या केवळ चौथा हिस्सा!

रस्त्याची जागाही मोजू. दोन वाहनांत निदान दोन सेकंदांचे अंतर असावे हा सुरक्षिततेचा नियम. म्हणजे एका मार्गिकेतून तासाला फार तर १८०० मोटारी जातील. दर मोटारीत सरासरी सव्वा माणूस धरला, तर २२५० माणसे. त्याच मार्गिकेत मिनिटाला फक्त एक बस सोडली, तर ५० प्रवाशांप्रमाणे तासाला ३००० माणसे जातील, आणि दोन बसांच्या मध्ये रस्ता जवळजवळ मिनिटभर मोकळा राहील. या हिशेबातूनच ऑकलंडच्या उत्तर भागात महामार्गाशेजारी फक्त बसांसाठी स्वतंत्र रस्ता बांधला गेला. तो फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू झाला.

आगगाडीची कहाणी अधिक चित्तवेधक आहे. १९९३ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या रेल्वेचे विद्युतीकरण झाल्याने तिथल्या डिझेल गाड्या रिकाम्या झाल्या होत्या. ऑकलंडने त्या जुन्या गाड्या विकत आणून रुळांवर आणल्या. त्या काळी ऑकलंडची रेल्वे अखेरचे आचके देत होती. १९९४ मध्ये वर्षभरात जेमतेम १० लाख प्रवास नोंदले गेले. नव्या गाड्यांना पैसा नव्हता, पण जुन्या का होईना, गाड्या वेळेवर धावू लागल्या. १९३० पासून शहराचे मुख्य स्थानक बाजारपेठेपासून दूर होते. लोक ते अंतर चालण्याचा कंटाळा करत. २००३ मध्ये ब्रिटोमार्ट हे भुयारी स्थानक शहराच्या अगदी मध्यभागी खुले झाले. २०११ पर्यंत वर्षाला १ कोटी प्रवास होऊ लागले आणि २०१७ मध्ये ही संख्या २ कोटींवर गेली. सतरा वर्षांत दसपट, तेवीस वर्षांत वीसपट!

दरम्यान २०१४-१५ मध्ये विजेच्या गाड्या आल्या. समजा, प्रवाशांनी भरलेली १५० टनांची गाडी सेकंदाला २० मीटर वेगाने येत आहे. तिची गतिज ऊर्जा होईल ३ कोटी ज्यूल. एवढ्या ऊर्जेने सुमारे ९५ लिटर पाण्याला २५ अंशांपासून उकळी आणता येईल. जुनी गाडी प्रत्येक स्थानकावर एवढी उष्णता हवेत सोडून थांबे. विजेच्या गाडीत थांबताना मोटरच जनित्र बनते. चाके मोटरला फिरवतात, वीज तयार होते आणि वरच्या तारेत परत जाते. जवळपास धावणारी दुसरी गाडी ती वापरू शकते. ब्रेक कमी घासतात, म्हणून धूळही कमी. फॅरडेने शोधलेल्या एकाच तत्त्वातून ऊर्जेचीही बचत होते आणि धुळीचीही.

अपुरे राहिलेले काम

इतके सारे होऊनही तिथे रामराज्य आले असे समजू नका. पत्र्यांवरचे जस्त अजून खाडीत जातेच. जुन्या वस्तीत पावसाचे पाणी आणि मैला एकाच नळातून वाहतात, त्यामुळे जोराच्या पावसात ते तुंबून खाडीत सांडत आले. त्यासाठी सुमारे १६ किलोमीटर लांबीचा प्रचंड सांडपाणी-बोगदा खोदावा लागला. प्रादेशिक परिषदेजवळ जबाबदारी होती, पण मोठ्या खर्चासाठी तिला सरकारपुढे हात पसरावे लागत. रॉबिन्सन यांच्या काळात मध्यवर्ती भागाखालून जाणारी जी रेल्वे कागदावर राहिली, तिच्यासारख्या बोगद्याचे काम प्रत्यक्षात यायला पुढे कित्येक दशके जावी लागली.

स्वतः परिषदही कायमची राहिली नाही. १ नोव्हेंबर २०१० रोजी ती आणि शहर-उपनगरांच्या सात नगर व जिल्हा परिषदा मिळून एकच ऑकलंड परिषद झाली. देशाच्या इतर भागांत प्रादेशिक परिषदांचे काम चालू राहिले. राजधानी वेलिंग्टनच्या भागात तर आगगाड्या परिषदेच्या मालकीच्या आहेत आणि नद्यांचे पूर आवरण्याचे कामही तिचेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंडच्या सरकारने या परिषदांचे निवडून आलेले सदस्य काढून त्यांचे काम महापौरांच्या मंडळांकडे द्यावे, असा प्रस्ताव मांडला. काहींना त्यात काटकसर दिसली. काहींना वाटले की प्रत्येक महापौर आपापल्या गावाचेच पाहील आणि नदीच्या बाजूने बोलणारे कोणी उरणार नाही. तुमच्या वर्गात वादविवाद स्पर्धा असेल तर हा विषय जरूर घ्या.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या बससेवा पूर्वी वेगवेगळ्या होत्या. रोज हजारो कामगार आणि विद्यार्थी एका शहरातून दुसऱ्या शहरात जातात, त्यांना हद्दीशी काही देणेघेणे नसते. २००७ मध्ये या दोन्ही सेवा एकत्र केल्या गेल्या. प्रवाशाच्या बाबतीत हद्द पुसता आली. मुळा-मुठेच्या बाबतीत ती उजनीपर्यंत पुसायची आहे.

तुम्ही करून पाहा

पहिला प्रयोग : झाकणे घट्ट बसतील अशा तीन सारख्या, पारदर्शक बाटल्या घ्या. पहिलीत उकळून थंड केलेले नळाचे पाणी, दुसरीत जवळच्या नदीचे किंवा तळ्याचे पाणी, आणि तिसरीत तेच पाणी व अर्धा चमचा दूध घाला. प्रयोगशाळेतील मिथिलीन ब्ल्यूच्या द्रावणाचे सारखे थेंब प्रत्येकीत टाका. पाणी फिकट निळे दिसले पाहिजे. बाटल्या काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, झाकणे लावा आणि कपाटात अंधारात ठेवा. दर काही तासांनी रंग पाहून वेळ टिपा. पाण्यातील ऑक्सिजन संपला की निळा रंग जातो. कोणती बाटली आधी पांढुरकी होते? नंतर तिच्यातले थोडे पाणी ओतून टाका आणि हवा आत घेऊन झाकण लावून जोराने हलवा. काय दिसते? हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा आणि नंतर हात साबणाने धुवा.

दुसरा प्रयोग : पाचजणांचा गट करून शाळेजवळच्या चौकात, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, सकाळी दहा मिनिटे उभे राहा. एकाने मोटारी, दुसऱ्याने दुचाकी, तिसऱ्याने रिक्षा, चौथ्याने बसगाड्या मोजाव्यात. प्रत्येकाने आतील माणसांचा अंदाजही लिहावा. पाचव्याने घड्याळ सांभाळावे. मग दोन तक्ते करा : रस्त्यावरची वाहने कोणाची, आणि रस्त्यावरची माणसे कशात. दोन तक्त्यांत जो फरक दिसेल तो वर्गाच्या भिंतीवर लावा.

तिसरे काम सोपे आहे, पण त्याला पाय लागतात. पावसाळ्यात शाळेच्या अंगणात पडलेले पाणी कुठे जाते ते पाहत त्याच्या मागे चालत जा. अंगण, गटार, ओढा, नदी... जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन जा, आणि पुढची वाट नकाशावर पेन्सिलीने काढा. वाटेत किती गावांच्या शिवा लागल्या ते मोजा. शेवटच्या गावात जी मुले आहेत ती तुमच्याच अंगणातले पाणी पितात. त्यांच्या शाळेला एक पत्र लिहा आणि तुमच्या तीन बाटल्यांत काय दिसले ते त्यांना कळवा.